आत्याच्या माशांसाठी धोंडे

मासे पाळणं हा शांत माणसांचा छंद आहे असं जे म्हणतात, त्यांनी एकदा लातूरला आमच्या गल्लीत येऊन राहावं. मी त्यांना चहा पाजीन, खुर्ची देईन आणि मग माझ्या फिश टँकमध्ये कोणते दगड टाकावेत या विषयावर गल्लीचं मत विचारीन. शांतता कशी पळते ते बघायला मी स्वतः दारात उभा राहीन.

माझी बदली नांदेडहून लातूरला झाली तेव्हा भूकंपाला काही वर्षं लोटली होती आणि क्लासचा धंदा नुकता फुगू लागला होता. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे एक खोली जास्तीची होती, त्यानं ती परभणी-नांदेडच्या पोरांना दिली होती. ज्याच्याकडे नव्हती त्यानं गच्चीवर पत्रे टाकून केली होती. नवी बांधकामं तर इतकी, की सकाळी धुतलेला शर्ट दुपारी सिमेंटच्या रंगाचा व्हायचा.

टँक मी नांदेडहून आणला. एसटीनं, मांडीवर ठेवून. रिकामी काचेची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाशी आपल्याकडे कुणीही बोलू शकतो, त्याला ओळख लागत नाही. कंडक्टरनं विचारलं, "ह्याच्यात काय ठिवणार?" मी म्हणालो, मासे. "खायाचे?" "बघायचे." त्यानं तिकीट फाडता फाडता सगळ्या गाडीला सांगितलं, "बघायचे मासे हायती, धक्का लावू नका." अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खाली चहा प्यायला गेलेली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. एका बाईनं आपल्या लेकराला उचलून मला दाखवलं. पेटीत अजून काहीच नव्हतं, म्हणजे ते लेकरू मलाच बघत होतं. ठीक आहे. अपमान गिळायची सवय सरकारी नोकरानं ठेवावी.

घरात मी, बायको आणि माझी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर किल्लारीच्या अलीकडचं एक गाव. त्या पहाटे ती गोठ्याकडे गेली होती म्हणून वाचली. घर वाचलं नाही, घरातली थोरली जाऊ वाचली नाही. हाताच्या लांबीच्या जाड भिंती, दगडांच्या आणि मातीच्या, वर मातीचं माळवद. त्यापलीकडे आत्या कधी काही सांगायची नाही. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, तिला सिमेंटचं घर मिळालं. त्या घरात तिनं ज्वारीची पोती ठेवली आणि स्वतः अंगणात झोपली. मी तिला लातूरला आणलं तर इथंही तेच. दिवसभर घरात हिंडायची, भाकरी थापायची, बायकोच्या भाजीला नावं ठेवायची. दिवे लागले की वाकळ काखोटीला मारून अंगणात. तिथं मी चार खांब रोवून वर पत्रा टाकून दिला होता. थंडीत तिचे सांधे धरायचे. पावसात पत्र्याखालून पाणी यायचं आणि ती बाजेवर पाय पोटाशी घेऊन बसून राहायची. डॉक्टर म्हणाले, हे दमट अंगणात झोपणं बंद करा, छाती भरतेय. मी म्हणालो, तुम्हीच सांगा तिला. डॉक्टरांनी सांगितलं. आत्या त्यांना म्हणाली, "तुमचा दवाखाना कितव्या मजल्यावर हाय?" डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या. "खाली घ्या," आत्या म्हणाली, आणि तपासणी तिथंच संपली.

तर अशा घरात टँक आला. पुढच्या खोलीत टेबलावर मांडला, पाणी दोन-तीन दिवस बादल्यांत मुरवून भरलं, तळाला थोडी चाळलेली, धुतलेली वाळू, आणि त्यात लाल, पांढरे, एक काळा असे मासे सोडले. आत्या पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्या दिवशी तिरकी बसली. तिसऱ्या दिवशी काचेला नाक लावून.

"हे झोपत्यात कवा?" तिनं विचारलं.

"झोपतात, पण डोळे मिटत नाहीत. त्यांना पापण्याच नसतात."

"म्हंजे जागेच म्हन की."

"तसंच समज."

तिनं काळ्या माशामागं काचेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या गावात कुत्री वरडत हुती म्हने आदल्या दिशी. जनावराला कळतंय. मानसाला न्हाई कळत."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तिनं वाकळ उचलली आणि अंगणाऐवजी टेबलाखाली आणून अंथरली. मी आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. आम्ही एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर ती उठली असती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा चार भिंतींच्या आत झोपत होती, आणि ते कुणाच्या भरवशावर, तर काळ्या शेपटीच्या, बोटाएवढ्या माशाच्या! मी, तिचा सख्खा भाचा, पदवीधर, कायम नोकरीतला. माझा भरवसा तिला नव्हता. असो. मासे जिंकले, मी हरलो, मला आनंद झाला.

आणि मग आला माझा मेहुणा.

मेहुणा हा प्राणी प्रत्येक घराला एक मिळतो. माझ्या वाट्याला आलेला नांदेडचा, बायकोचा धाकटा भाऊ, उत्साहानं तुडुंब. त्याला माहीत नाही असा विषय नाही आणि त्यानं बिघडवली नाही अशी वस्तू नाही. लातुरात क्लासच्या एका नव्या इमारतीच्या फरशीचं काम त्याच्या मित्रानं घेतलं होतं म्हणून तो आला होता. त्यानं आमचा टँक पाहिला आणि म्हणाला, "दाजी, हे काय? नुसती वाळू? मास्यांना डोंगर पायजे, गुहा पायजे."

"दगड बघून घ्यावा लागतो," मी म्हणालो. "सगळे चालत नाहीत. मी आणीन सवडीनं."

आता एवढं स्पष्ट मराठी वाक्य. त्याचा अर्थ जगात कुणीही "तू आण" असा लावला असता का? माझ्या मेहुण्यानं लावला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना त्यानं त्या इमारतीतले संगमरवराचे तुकडे गोणीत भरून आणले, नळाखाली एकदा धरले आणि टँकमध्ये रचून दिले. पांढरेशुभ्र. कापणीच्या कडा धारदार, खालच्या अंगाला पांढऱ्या सिमेंटचे थर तसेच चिकटलेले. मला चकित करायचं होतं त्याला. केलंच की.

मी संध्याकाळी लुनावरून घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशी गर्दी. पुढं जावं तर रस्ताच नाही. अख्खी गल्ली रस्त्यावर. क्लासची पोरं हातात वह्या घेऊन. समोरच्या बाई गॅसची टाकी कडेवर घेऊन. शेजारचे टेलर चाचा गळ्यात टेप, हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला सफारी. आणि रस्त्याच्या बरोब्बर मध्ये, आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर, आमची आत्या.

मी लुना तिथंच सोडली. "काय झालं?"

"भाई, अंदर मत जाव," चाचा म्हणाले. "आपके आत्या बोले, भूकंप आ रहा."

"कुणी सांगितलं?"

"मास्यांनी," गल्ली एका सुरात म्हणाली.

झालं होतं असं. आत्या दुपारी टेबलाजवळ बसली होती. एकाएकी मासे वेड्यासारखे धावायला लागले. काचेवर आदळत होते, तळाशी जाऊन अंग घासत होते, मग वर येऊन तोंड उघडून गपागप करत होते. आत्या उठली, "पळा" म्हणून ओरडली आणि बायकोला दंडाला धरून ओढत बाहेर आली. लातुरात "पळा" म्हटल्यावर "का" विचारणारा माणूस त्या काळात सापडला नसता. हे मी चेष्टेनं सांगत नाही. टांगलेला बल्ब हलला की आमचं सगळं शहर जेवता जेवता हात थांबवायचं.

मी आत गेलो. मागून दहा जणांनी ओरडून मला शेवटचा निरोप दिला. टँकमध्ये दुधाळ पाणी, मधोमध संगमरवराचा राजवाडा आणि त्याच्या शिखरावर धापा टाकणारे माझे मासे. मला एका क्षणात सगळं समजलं आणि मी असा ओरडलो की बाहेरची माणसं आणखी चार पावलं मागं सरकली.

मुरवलेल्या पाण्याची बादली कोपऱ्यात होती. जाळी घेऊन मासे त्यात काढू लागलो तर दारात समोरच्या बाई, टाकीसकट. "अहो, हात नका लावू त्यांना! त्यांच्यावरनंच कळंल ना, भूकंप गेला का हाय ते!"

"बाई, ते मरायला लागलेत!"

"मग? आपन मरावं का?"

  मी मासे काढले. काळा मात्र जाळीत येईपर्यंत आडवा झाला होता. मी तो ओंजळीत घेऊन बाहेर आलो. वाटलं, आता तरी लोक मेहुण्याचा कान धरतील. गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, माशाला हात जोडले आणि म्हणाले, "घेतलं बिचाऱ्यानं सगळं स्वतःवर. गावावरचं टळलं." बायका पदर डोक्यावर घेऊन नमस्कार करू लागल्या. मी ओरडलो, "संकट नव्हतं हो, सिमेंट होतं! चुना होता पाण्यात!" कुणी ऐकलं नाही. लोक हळूहळू टाक्या, वह्या, सफारी घेऊन घरोघर परतले, अगदी तृप्त होऊन. आणि मेहुणा? मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पन दाजी, दिसत लई भारी हुतं."

आत्या मात्र परतली नाही. तिनं ट्रंक अंगणात पत्र्याखाली नेऊन ठेवली, वाकळ तिथं अंथरली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "तुमी बी भायेरच झोपा."

मला राग आला तो इथं. तोपर्यंत नुसती चिडचिड होती. इतक्या वर्षांनी माणूस घरात आलं होतं, ते चार पांढऱ्या चिपांनी पुन्हा पत्र्याखाली गेलं. पाऊस तोंडावर होता. तिच्या छातीतली घरघर मला खोलीत ऐकू यायची.

मी ठरवलं, सगळ्यांना दाखवून द्यायचं. सकाळी अंगणात पाट मांडला, त्यावर संगमरवराचा तुकडा ठेवला, त्याला खिळ्यानं ओरखडा काढला, बायकोकडून लिंबू मागून घेतलं. युक्ती सोपी आहे. ज्या दगडात चुना असतो त्यावर आंबट पडलं की बारीक बुडबुडे येतात. तसला दगड पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाणी बदलतो. ज्याला बुडबुडे येत नाहीत, ज्याच्यात धातूची चमक नाही, गंजाचे डाग नाहीत, जो हातानं चोळल्यावर भुगा होत नाही, तो चालतो. एवढंच मला गल्लीला सांगायचं होतं. मी हाक मारून लोक गोळा केले. पाट, दगड आणि कापलेलं लिंबू बघून लोक गंभीर झाले.

"पिळा," चाचा हळूच म्हणाले.

मी पिळलं. बुडबुडे आले. "बघा!" मी म्हणालो.

"आई गं," समोरच्या बाई म्हणाल्या, "फेसाळलं की." आणि घरात पळाल्या. परत आल्या त्या हातात मिरच्या, बिब्बा आणि मीठ घेऊन. "नुस्त्या लिंबानं न्हाई उतरायचं हो, हे बी लावा संगं." कालच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, दगड तिठ्यावर टाकायचा का वाहत्या पाण्यात? मी विज्ञान शिकवत होतो आणि ही माणसं माझ्याकडून दृष्ट काढून घेत होती! मी पाटावर लाथ मारणार होतो, पण पाट बायकोच्या माहेरचा होता.

आत्या बाजेवर बसून सगळं बघत होती.  मग लिंबाची उरलेली फोड तिनं उचलून घेतली.

माझ्या संतापात फक्त एकाच माणसाची भर पडायची राहिली होती, ते त्या दुपारी आले. जिथून संगमरवर आला त्या क्लासचे मालक सर. पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, पांढरे बूट. मला ते संगमरवराचेच नातेवाईक वाटले. म्हणाले, "साहेब, काल तुमच्या गल्लीत राहणारी आमची पोरं टेस्टचा अभ्यास सोडून रस्त्यावर पळाली. आधी मला राग आला. मग विचार केला. पालकांना काय पाहिजे? मार्क आणि काळजी. होस्टेलमध्ये मोठा टँक ठेवतो. भूकंपाची आधी खबर देणारे मासे! बाहेरगावचे पालक निर्धास्त होतील. तुमचे मासे द्या, अनुभवी आहेत."

"मासे खबर देत नाहीत," मी म्हणालो. "तुमच्याच फरशीनं गुदमरले."

"ते आपल्यात राहू द्या ना," सर हसले. "आणि दगड पण मी खास आणतोय. तिकडं किल्लारीकडच्या जुन्या गावठाणात ढीग पडलेत, फुकट, काळेभोर. खरे भूकंपाचे दगड. खाली पाटी लावू तशी."

मी तोंड उघडलं, पण आत्या आधी बोलली. आवाज चढवला नाही.

"सर, कुन्या घराचे आननार?"

"म्हणजे?"

"ढीग हायत ते घरं हायत न्हवं का? मंग कुन्या घराचे? आमच्या बी घराचा ढीग हाय तिथं. थोरल्या जावंला त्याच्याखालूनच काढलं. कडूलिंबाखालचं घर म्हना, कुनी बी दाखवंल. तिथलेच आना, मला ओळखू येतेल."

सरांनी चहा अर्धा ठेवला. दारात त्यांनी मला पुन्हा हळूच विचारलं, मासे नाही तर नाही, पण आत्यांना एखाद्या पालक-मेळाव्यात दोन शब्द बोलायला... मी त्यांना काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. चाचांनी कात्री थांबवून ऐकलं आणि नंतर मला म्हणाले, "भाई, नांदेडची जबान अच्छी है आपकी."

सर गेल्यावर आत्या मेहुण्याकडे वळली. तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, कारण जुन्या गावठाणाची वाट सरांना त्याच्याच मित्रानं सांगितली होती.

"आता तू उठ. मास्याला आडोसा तर पायजेच. उघड्यावर कुनाला झोप येत न्हाई. नदीचे धोंडे आन. गोल."

"गोलच का?" मी विचारलं.

"गोल धोंडा भिंतीत बसत न्हाई, लेकरा. गवंडी फेकून देतो. त्यानं कुनाला मारलं नसतंय."

मी माझं सगळं ज्ञान घेऊन लुना काढायला उठलो.

मेहुणा आणि मी लुनावर मांजरा नदीकडे गेलो. उन्हाळ्याचा शेवट, पात्रात जागोजाग डबकी, बाकी सगळं कोरडं, आणि गोट्यांचा नुसता सडा. मेहुणा प्रत्येक चमकत्या दगडावर झडप घालायचा. "दाजी, हा हिरवा?" टाक. "हा सोन्यावानी चमकतोय!" म्हणूनच टाक. "हा पांढरा, जाळीजाळीचा?" लिंबू पिळ आणि टाक. लिंबं त्याच्याच खिशात ठेवायला लावली होती मी, शिक्षा म्हणून. शेवटी काळे, गुळगुळीत, जड असे गोटे निवडले. काही ठिकाणी पात्रात साबणाचा फेस आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या होत्या, तिथले एकही घेतले नाहीत. परत येताना पोतं माझ्या पाठीशी, आणि प्रत्येक खड्ड्यात माझ्या कण्याला नदीची ओळख होत होती.

घरी आल्यावर मेहुणा म्हणाला, "आता कुकरला लावू, तीन शिट्ट्या, जंतू खतम." बायकोनं पोळपाट-लाटण्यासकट त्याच्याकडे बघितलं. मीही ओरडलो. ओल्या दगडाच्या आत पाणी अडकलेलं असतं. जाळावर किंवा कुकरात घातला तर फुटून उडू शकतो. आणि आमच्या गल्लीत एक धडाका झाला असता तर लोक थेट सोलापूरला जाऊन थांबले असते. आम्ही गोटे नारळाच्या शेंडीनं घासले. साबण नाही, राख नाही, नुसतं पाणी. मग बादलीत भिजत घातले, वरून गरम पाणी ओतलं, आणि रोज पाणी बदलत राहिलो. बदललं कुणी? आत्यानं. तिनं पहिल्या दिवशी फक्त बघितलं, दुसऱ्या दिवशी "असं घासत्यात व्हय?" म्हणून माझ्या हातातली शेंडी हिसकावली. त्यानंतर कुणाला बादलीजवळ जाऊ दिलं नाही. भूकंपापासून तिनं घरात पाटा-वरवंटाही ठेवू दिला नव्हता. आता मांडीवर गोटा घेऊन, पदर खोचून, लेकराचं डोकं घासावं तशी घासत होती. एका गोट्यावर तिनं कधीतरी स्वतःच लिंबू पिळून बघितलेलं मला दिसलं. बुडबुडा आला नाही. तिनं तो सगळ्यात आधी बाजूला ठेवला.

मांडणीच्या दिवशी माझ्या मनात एक नकाशा होता: दोन मोठे गोटे, त्यावर एक आडवा, खाली कमान, मासे आरपार. मी तिसरा गोटा उचलला तर आत्यानं मनगट धरलं.

"एकावर एक न्हाई."

"आत्या, नीट बसतोय तो."

"आमचं बी नीट बसलेलं व्हतं."

मी गोटा खाली ठेवला. मोठे सगळे थेट तळाला टेकवले, खाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालून, म्हणजे काचेवर भार यायचा नाही आणि वाळू उकरली गेली तरी डुगडुगायचे नाहीत. "मग छप्पर कशाचं?" मी विचारलं, जरा चिडूनच, कारण कमान माझी लाडकी होती. आत्या अंगणात गेली आणि फुटक्या घागरीचं खापर घेऊन आली. लिंबानं, शेंडीनं, कढत पाण्यानं त्याचीही परीक्षा आधीच झालेली होती. तिनं ते दोन गोट्यांच्या मध्ये पालथं टेकवलं.

"हलकं. पडलं तर मास्याला लागायचं न्हाई."

मासे सोडले. थोडा वेळ काठाकाठानं फिरले. मग एक लाल मासा खापराखाली शिरला आणि तिथंच थांबला.

आता खरं बोलायची वेळ आली होती. खोटं सांगून तिला आत झोपवणं मला जमलं नसतं. एक दिवस पुन्हा पाणी बिघडलं असतं आणि पुन्हा ट्रंक रस्त्यावर गेली असती. मी तिच्याजवळ बसलो.

"आत्या, मासे भूकंप सांगत नाहीत. त्या दिवशी त्यांना फक्त पाणी बाधलं होतं. उद्या खरंच जमीन हलली तर त्यांना आधी कळेल असं मी सांगू शकत नाही."

बायको दारात येऊन उभी राहिली.

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेत गेलो. "मला येडी समजतो का रे? कुत्र्यानं सांगून बी त्या दिशी कोन उठलं? कुनीच न्हाई. समदे गाढ झोपले व्हते." ती काचेकडे वळली. "मला सांगनारं न्हाई पायजे. मला घरात कुनीतरी जागं पायजे. तुमी दोघं घोरताव."

घोरताव! मी निषेध नोंदवला. घोरते ती बायको. बायकोनं तिथल्या तिथं माझ्याकडे बोट दाखवलं. त्या भांडणात आत्या उठली, वाकळ घेऊन आली.  ती टेबलाखाली गेली नाही. तिनं दाराकडे बघितलं, टँककडे बघितलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाली, "हे इथं नगं. दाराशी आन. मी उंबऱ्याला लागून झोपीन. डोकं आत, पाय अंगनात."

"आत्या, भरलेला टँक हलत नाही. सगळं उपसावं लागेल. मासे, पाणी, गोटे, खापर, वाळू, सगळं!"

"मंग उपस की."

"उंबऱ्यात झोपू नये म्हणतात," मी शेवटचा प्रयत्न केला.

"म्हननाऱ्याचं घर पडलं व्हतं का?"

मेहुणा तेव्हापर्यंत नांदेडची गाडी धरून पसार झालेला होता. ज्या दिवशी त्याचा उपयोग झाला असता त्या दिवशी तो नव्हता. मी एकट्यानं, बनियनवर, बादल्यांमागून बादल्या उपसल्या. मासे बादलीत, गोटे परातीत, वाळू बायकोच्या चांगल्या पातेल्यात, आणि त्याबद्दलचं तिचं मत गल्लीनं ऐकलं. टेबल दाराशी ओढलं. ते आता अर्धं दार अडवत होतं. उरलेलं अर्धं आत्यानं वाकळ घालून अडवलं. मी धोंडे पुन्हा एकेक करून ठेवत होतो, ती पडल्या पडल्या सांगत होती: ह्याला जरा तिकडं, तो मोठा मागं, खापर वाकडं झालंय. मी वैतागून काहीतरी उलट बोलायला वळलो.

ती झोपली होती. अजून ऊन होतं अंगणात. पाय बाहेर उन्हात, डोकं आत सावलीत, तोंड उघडं. छातीतली घरघर चालू होती, पण संथ.

आता बाहेर जायचं कसं? दुधाचं भांडं बायकोनं खिडकीतून चाचांच्या हाती दिलं. तिची भाजी आणायची राहिली होती, माझी बिडी. आम्ही दोघं घरात अडकलो, स्वतःच्याच घरात, एका म्हाताऱ्या बाईनं आणि चार माशांनी कोंडलेले. मी कुजबुजत पुष्कळ तक्रार केली. तिला उठवायचं मात्र आमच्यापैकी कुणीच सुचवलं नाही.